वेलीला फुले आहेत, मग फळ का धरत नाही?

परसातला भोपळ्याचा वेल छपरावर चढतो. रोज पहाटे पिवळीधमक फुले उमलतात. पण बोराएवढे फळ दिसू लागते न लागते तोच पिवळे पडून गळून जाते. दृष्ट लागली, रोग पडला, असे म्हणून आपण औषध आणायला धावतो. वाचकहो, पुष्कळदा खरे कारण निराळेच असते. वेलीवर माशीच फिरकलेली नसते!

भोपळा, दुधी, दोडका, कारले यांची नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी. मादी फुलामागे इवलेसे फळ असते, नर फूल नुसत्या देठावर असते. नराचा पराग जड व चिकट असल्याने तो वाऱ्याने जात नाही. ते काम माश्या, भुंगे आणि पतंग करतात. भोपळ्याचे फूल दुपारच्या आत मिटते. दुधी-दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात. तेवढ्या वेळात पाहुणा आला नाही, तर फळ गळालेच म्हणून समजा.

प्रत्येक माशी आग्या नव्हे

अजिंठ्याच्या माणसाला मधमाशी म्हटले की आग्या मोहोळ आठवते. वाघूर नदीच्या कड्यांना, लेण्यांच्या आसपास ही मोठी पोळी लटकतात. चवताळलेल्या माश्यांनी प्रवाशांना पळता भुई थोडी केल्याचेही आपण ऐकतो. आग्यापासून दूरच राहावे. पोळ्याखाली धूर करू नये, दगड भिरकावू नये.

पण म्हणून परसातले प्रत्येक पोळे जाळणे म्हणजे आपल्याच वेलीवर कुऱ्हाड घालणे होय. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीला छोटेसे एकच पोळे बांधते. सातेरी ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. काळा भुंगा वाळक्या लाकडात घर करतो. काही रानमाश्या वांग्या-टोमॅटोचे फूल धरून गुणगुणतात, तेव्हा त्यातला पराग झडतो. आपले कालवण त्यांच्या कष्टांवर चालते.

बारमाही फुलोरा ठेवा

सिल्लोड-सोयगावच्या शिवारात कपाशी आणि मका पुष्कळ. मक्याच्या तुऱ्यात माशीला पराग मिळतो, पण मध मिळत नाही. त्यातच बांधावरची बोर, करंज तुटली, की तिला उपास घडतो. तिच्या पोटाची सोय परसबागेत करता येते. खर्च फारसा नाही. मोरीजवळ चार हात जागा असली तरी पुरे.

पावसाच्या तोंडावर वेलांच्या शेजारी झेंडू, तीळ आणि दोन-चार सूर्यफुले टोका. हिवाळ्यात कोथिंबीर, मेथी, मोहरी, बडीशेप सगळी खुडू नका. एकेक ओळ फुलू द्या. बीही घरचेच होईल. उन्हाळ्यासाठी शेवगा, लिंबू आणि दारचा कडुनिंब राखा. तुळस तर अंगणात असतेच. लिंबाच्या व कढीलिंबाच्या पानांवर अळ्या दिसल्या तर थोड्या राहू द्या. त्यांचीच पुढे फुलपाखरे होतात.

उथळ परळात खडे टाकून पाणी ठेवा, म्हणजे माशी बुडणार नाही. कोपऱ्यातली थोडी जमीन खणू नका. कित्येक रानमाश्या मातीत बीळ करून राहतात.

फवारताना जपा

झाड फुलात असताना विषारी औषध नकोच. अगदीच गरज पडली, तर अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळावी आणि एकंदर १० लिटर पाणी करून सायंकाळी उन्हे उतरल्यावर फवारावी. कपाशीच्या फवारणीचे उरलेले औषध परसात मारण्याची सवय तर मोडाच. ते औषध माशीलाही मारते आणि आपल्या ताटातही येते.

माश्या येईपर्यंत वेळ लागेल. तोवर हाताने काम भागवा. ताजे नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. भोपळ्याला हे सकाळी करावे, दुधी-दोडक्याला सायंकाळी. मुलेही हौसेने करतील.

यंदा भोपळ्याचे बी लावाल, तेव्हा शेजारी चार झेंडूही लावा. मग सकाळी क्षणभर उभे राहून ऐका. वेलीवर गुणगुण ऐकू आली, तर फळ धरायला वेळ लागायचा नाही.