जुना कागद टिकतो, नवा कां चुरतो?

आपल्या घरोघरीं माळ्यावर बासनांत बांधलेल्या पोथ्या व जुनीं दप्तरें असतात. दीडदोनशें वर्षांपूर्वींचीं तीं पानें उलगडलीं, तरी बहुधा तुटत नाहींत. उलट वडिलांनीं हौसेनें जपलेलें साठ वर्षांपूर्वींचें मासिक उघडावें, तर पिवळीं पानें हातांतच चुरतात. असें कां व्हावें? याचें उत्तर कागदाच्या घडणींतच आहे.

कागद म्हणजे न विणलेली तंतूंची चादर. जुन्नर, दौलताबादेजवळील कागजीपुरा इत्यादि ठिकाणचे कागदी हातानें कागद करीत. चिंध्या, जुने दोर, गोणपाट असा माल चुन्याच्या पाण्यांत भिजवून, कुटून, धुऊन त्याचा लगदा करावयाचा. तो हौदांतील पाण्यांत कालवून साच्यावर पातळ थर उचलावयाचा. पाणी निथळलें कीं ताव दाबून भिंतीवर वाळत लावावयाचा. शेवटीं खळ देऊन गुळगुळीत दगडानें घोटला, म्हणजे शाई फुटत नाहीं. अशा कागदांत तंतु लांब व चिवट असतात. शिवाय चुन्याचा उरलेला अंश आम्लाला मारक ठरतो.

पुढें १७९९ सालीं लुई रोबेर या फ्रेंच गृहस्थानें कागदाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. मागणी वाढली, चिंध्या पुरेनात. तेव्हां लांकूड दळून लगदा होऊं लागला. लांकडांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें; उजेड व हवा लागून तें पिवळें पडतें. त्यांत खळीऐवजीं राळ व तुरटी वापरण्याची जर्मनींतील इलिगची १८०७ सालची रीत पुढें रूढ झाली. तुरटीमुळें कागदांत आम्ल राहतें आणि तें तंतूंना आंतून कुरतडतें. स्वस्ताई आली, पण आयुष्य घटलें.

हल्लीं चांगल्या कागदांतून लिग्निन काढून टाकतात व खडूची पूड घालतात. तो पुष्कळ टिकतो. वर्तमानपत्राचा कागद मात्र अजूनहि अल्पायुषीच आहे.

म्हणून आमची विनंति इतकीच, कीं पोथींत खूण म्हणून वर्तमानपत्राचें कात्रण ठेवूं नये. त्याचें आम्ल शेजारच्या पानास लागतें. फाटल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. दप्तर सुती कापडांत, ओल व ऊन यांपासून दूर ठेवावें. मोडी वाचतां येत नाहीं म्हणून पणजोबांचे कागद रद्दींत घालूं नयेत. कागद करणाऱ्यानें आपलें काम चोख केलें आहे. आतां सांभाळणें आपल्याकडे आहे.