सारंगखेड्याला घोडे बघायला जाताना

दत्तजयंती जवळ आली की खानदेशात घरोघरी सारंगखेड्याच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातलं हे तापीकाठचं गाव. दर्शन एकमुखी दत्ताचं; पण दर्शन आटोपलं की पुरुषमंडळी आणि मुलं घोड्यांच्या बाजाराकडे पळतात, आणि आपण पिशव्या सांभाळत बसतो. का बरं? या खेपेला तुम्हीही जा.

मारवाडी आणि काठियावाडी घोडा ओळखणं मुळीच अवघड नाही. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडू पाहतात. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, तो पंचकल्याणी. सगळाच पांढरा आणि कातडी गुलाबी, तो नुकरा. जाणकार तोंड उघडून दात बघतात, ते वय कळावं म्हणून. अंगावरचे भोवरेही बघतात, आणि अशुभ भोवरा निघाला तर चांगल्या जनावराचाही भाव पडतो. म्हणजे पायगुणाचं खापर काही फक्त सुनांच्याच माथी फुटतं असं नाही!

मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका. घोड्याला अगदी शेपटीमागचं दिसत नाही, त्यामुळे मागून कुणी आलं की तो दचकून लाथ झाडतो. कान मागे पाडलेले दिसले तर लांबच राहावं. हात लावायचाच असेल तर आधी मालकाला विचारावं आणि खांद्याच्या बाजूनं जावं. गाजर द्यायचं तर उघड्या तळहातावर, चिमटीत धरून नव्हे.

वाद्यांच्या तालावर घोडा नाचतो तेव्हा गर्दी लोटते. त्या वेळी सगळे पायांकडे बघतात. तुम्ही जरा तोंडाकडे बघा. ओठांच्या कोपऱ्याला जखम किंवा रक्त दिसतंय का? काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, तरी हौसेपायी तो कुठे कुठे घातला जातो. तसं दिसलं तर टाळी वाजवू नका, आणि 'ह्यां'च्या खिशातून बक्षिसाची नोट निघत असेल तर तिथंच अडवा. कुणी काही म्हणेना का! बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या कानावर घातलंत तर उत्तमच.

रेल्वेनं येणाऱ्यांना दोंडाईचा स्टेशन सोयीचं. दुपारी ऊन चटकतं, पण सूर्य कलला की नदीकाठी हुडहुडी भरते, तेव्हा मुलांचे स्वेटर पिशवीत वरच ठेवा. धूळ फार उडते; साडी जुनीच बरी.