कुराण, कवी आणि नळदुर्गचा आदिलशहा
नळदुर्गचा पाणीमहाल (१६१३) ज्याच्या कारकिर्दीत उभा राहिला, तो दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतः कवी. दखनीतल्या त्याच्या ‘किताब-ए-नौरस’मध्ये सरस्वती, गणपती आणि पैगंबर या सर्वांची स्तुती आहे. पैगंबरस्तुतीची परंपरा मात्र मुळात अरबीतली. गंमत म्हणजे कुराणाच्या २६व्या सूरेचं (अध्यायाचं) नावच ‘कवी’, आणि तिच्या शेवटी कवींनाच खडे बोल! श्रद्धावान, सत्कर्मी कवींना तेवढी सूट. या सवलतीत बसणारं अरबी भक्तिकाव्य पुढे फोफावलं. अशा काव्यात कुराणातले शब्द, ते कुठले हे न सांगता, ओळीत गुंफण्याला ‘इक्तिबास’ म्हणतात. तेराव्या शतकात इजिप्तच्या बुसिरीने रचलेल्या ‘कसिदा बुर्दा’ या पैगंबरस्तुतीपर काव्याच्या दहा प्रकरणांपैकी एक कुराणाच्या थोरवीवर, तर एक १७व्या सूरेत येणाऱ्या पैगंबरांच्या रात्रप्रवासावर आहे.