कंबरेचा एक्स-रे आणि इलेक्ट्रॉनचा वेग

अर्धापूरच्या केळीच्या बागेत घड वाहताना कुणाची कंबर धरली, दुखणं हटेना, की एक्स-रे काढावा लागतो. तंत्रज्ञ यंत्रावर आकडा लावतो, साधारण ७० केव्ही, म्हणजे सत्तर हजार व्होल्ट. नळीतल्या तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन या विभवांतराने खेचले जाऊन टंगस्टनवर आदळतात. त्यांचा वेग मोजायला घड्याळ लागत नाही, हा एक आकडा पुरतो. विद्युतक्षेत्राने जेवढं काम केलं, तेवढीच गतिज ऊर्जा इलेक्ट्रॉनला मिळाली. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम एवढंच सांगतो, आणि माझ्या मते तो इथे कुठेही डळमळत नाही. डळमळतं ते आपलं गतिज ऊर्जेचं शालेय सूत्र.

वाटेत काही ऊर्जा गळत असेल, अशी शंका कुणी घेईल. पण नळी निर्वात असते, आणि पुरावा खुद्द क्ष-किरणच देतात. ड्युएन आणि हंट यांनी १९१५ साली दाखवलं की या किरणांची तरंगलांबी एका मर्यादेखाली जातच नाही आणि ती मर्यादा केवळ विभवांतरावर ठरते. ७० केव्हीला ती ०.०१७७ नॅनोमीटर येते. काही इलेक्ट्रॉन आपली सगळी ऊर्जा एकाच फोटॉनला देतात, म्हणून हिशेब असा चोख जुळतो.

आता वेग काढू. अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, या सूत्राने सेकंदाला १ लाख ५७ हजार किलोमीटर येतात. खरा वेग १ लाख ४३ हजारांच्या आसपास, म्हणजे जवळपास दहा टक्क्यांची चूक. खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमधल्या त्वरकात इलेक्ट्रॉनची ऊर्जा १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते. तिथे हेच सूत्र प्रकाशाच्या सहापटींहून जास्त वेग सांगतं, जो अशक्य आहे. मग जादा ऊर्जा इलेक्ट्रॉनपर्यंत पोचतच नसेल का? हा आक्षेप रास्त आहे. विल्यम बर्टोझी यांनी एमआयटीतल्या प्रयोगात (१९६४) त्याचा निकाल लावला. ८.४ मीटर अंतर कापायला लागणारा वेळ त्यांनी मोजला, शिवाय इलेक्ट्रॉन आदळून ॲल्युमिनियमची चकती किती तापते तेही पाहिलं. वेग प्रकाशाच्या वेगापाशी अडला होता, उष्णता मात्र दिलेल्या ऊर्जेशी जुळली.

सापेक्षतेचा हिशेब अवघडही नाही. स्थिर इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. त्यात ७० मिळवून ५११ने भागलं की १.१३७ हे गुणोत्तर मिळतं. एकातून त्याच्या वर्गाचा व्यस्त वजा करून वर्गमूळ काढलं, की वेग प्रकाशाच्या सुमारे ४८ टक्के येतो. शंभर व्होल्टला वेग जेमतेम दोन टक्के असतो. तिथे शालेय सूत्र खुशाल वापरावं.