संगणकाच्या पोटातील रोजकीर्द

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा या कापसाच्या बाजारपेठांतील पेढ्यांवर संगणक येऊन बराच काळ लोटला. तरी त्याच्या पडद्यावर मध्येच उमटणारे काही शब्द जुन्या मुनीमजींना अजूनही परके वाटतात. ऐन हंगामात वीज जाते, संगणक बंद पडतो. लिनक्स कार्यप्रणालीवर चालणारा असेल, तर पुन्हा सुरू होताना ‘जर्नल’ तपासत असल्याची एखादी ओळ दिसते. वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होते : हिशेब राहिला की गेला? वास्तविक दिलासा त्या ओळीतच असतो आणि तो शब्दही पेढीवरचाच आहे.

जर्नल म्हणजे रोजकीर्द. व्यवहार आधी रोजकीर्दीत नोंदवावा, मग त्याची खातेवहीत खतावणी करावी, हा क्रम लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात मांडला. आपल्या वह्यांची शिस्तही हीच. खतावणी करताना दिवा विझला तरी बिघडत नाही. रोजकीर्द शाबूत असते. आयबीएमने १९९० मध्ये एआयएक्स या कार्यप्रणालीत हीच रीत आणली; विंडोज एनटीमध्ये ती १९९३ साली, तर लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत २००१ साली आली. डिस्कवर बदल करण्यापूर्वी संगणक त्याची नोंद जर्नलमध्ये करतो. वीज परतल्यावर पूर्ण झालेल्या नोंदी खतावतो, अर्धवट राहिलेल्या सोडून देतो. मात्र ही रोजकीर्द मुख्यतः फायलींच्या मांडणीची असते. साठवायचे राहून गेलेले बिल ती परत देत नाही.

‘लॉग’ हा शब्द दर्यावर्दी. इंग्रजीत लॉग म्हणजे ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो समुद्रात टाकीत आणि ठरावीक वेळात दोरीवरील किती गाठी सुटल्या, ते वहीत टिपून ठेवीत. पुढे ती वहीच ‘लॉगबुक’ झाली. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा असा लॉग राहणे सक्तीचे आहे. तो बंद करता येता कामा नये. नोंद खोडू नये, चूक झाल्यास उलट नोंद करावी, हा मुनीमजींचा दंडक कायद्याने संगणकालाही लावला म्हणायचा!

‘डीमन’ ऐकून मात्र राक्षस आठवतो. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हे नाव पडले, ते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या कल्पनेतील, न थकता रेणू निवडत बसणाऱ्या जिवावरून. ग्रीकांचा मूळ ‘डायमोन’ देव आणि मानव यांच्या मधला, भला वा बुरा कसाही. जैन वाचकाला व्यंतर देवांची आठवण व्हावी असा. युनिक्स आणि लिनक्समध्ये दिवसभराची बिले रांग लावून छपाईयंत्राकडे धाडण्याचे काम पडद्याआड बसलेला असाच एक डीमन करीत असतो.