सोमॅटोस्टॅटिनच्या मागावर

१९७३ साली कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गिलमँ यांच्या चमूने मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून १४ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड वेगळं काढलं. वाढीच्या हॉर्मोनला आवर घालणारं म्हणून ते सोमॅटोस्टॅटिन. रक्तात ते जेमतेम दोन-तीन मिनिटं तग धरतं. १९८२ मध्ये सँडोझच्या संशोधकांनी ८ आम्लांचं टिकाऊ ऑक्ट्रिओटाइड घडवलं आणि मग खरी वाट मोकळी झाली.

माझ्या मते या साऱ्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं काम बर्नमध्ये झालं. ज्याँ-क्लोद रुबी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे गोठवलेले पातळ काप घेत, त्यांवर किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं पेप्टाइड सोडत आणि ते फिल्मवर ठेवत. जिथे पेप्टाइडला पकडून ठेवणारा पेशीवरचा रिसेप्टर, तिथे काळा ठसा. निरोगी मेंदूच्या बाह्यकात ठसे दिसले. मेंदूच्या आवरणातून उगवणाऱ्या मेनिंजिओमात तर जवळजवळ प्रत्येक वेळी. १९८६-८७ च्या त्यांच्या निबंधांतून आणखी एक गोष्ट पुढे आली: मेंदूच्या आधारपेशींतून उगवणाऱ्या सौम्य ग्लायोमांत हे रिसेप्टर सापडतात, पण ग्लायोब्लास्टोमासारख्या उग्र गाठींत ते बहुधा नसतात.

१९८९ मध्ये रॉटरडॅमच्या क्रेनिंग यांनी हेच रिसेप्टर जिवंत रुग्णाच्या शरीरात स्कॅनने टिपले. इथे मेंदूचा पेच समोर आला. बाह्यकात रिसेप्टर असूनही स्कॅनवर निरोगी मेंदू अंधारा राहतो, कारण रक्त आणि मेंदू यांमधला पडदा पेप्टाइडला आत येऊ देत नाही. मेनिंजिओमा या पडद्याबाहेर, म्हणून तो लख्ख उजळतो. सौम्य ग्लायोमात रिसेप्टर आहेत, पण पडदा शाबूत. उग्र ग्लायोमात पडदा फाटलेला, पण रिसेप्टरच नाहीत. निसर्गाची ही क्रूर विभागणी वाचताना आजही मन खट्टू होतं.

१९९२ पासून रिसेप्टरांची जनुकं हाती लागत गेली. एकूण पाच प्रकार निघाले. मेनिंजिओमात भरवशाचा दुसरा. अशा पेप्टाइडला किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडून केलेल्या पेट स्कॅनमुळे शस्त्रक्रियेनंतरचा व्रण कुठला आणि उरलेली गाठ कुठली, हे आता बरंच स्पष्ट कळतं. किरणोपचाराची सीमा आखणाऱ्या डॉक्टरांना याचं मोल विचारावं.

नुसत्या ऑक्ट्रिओटाइडने मेनिंजिओमा आटोक्यात येईल ही आशा मात्र फारशी फळली नाही. मग गाठीला आतून किरण देण्यासाठी त्याच जातीच्या पेप्टाइडला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडलं गेलं. आतड्याच्या आणि स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी हा उपचार रुळला आहे. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येही तो दिला जातो, आणि ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. वारंवार उलटणाऱ्या मेनिंजिओमावर त्याचा प्रयोग सुरू आहे. गाठ सहसा आक्रसत नाही. पण काही रुग्णांत तिची वाढ काही महिने थांबते.