लग्नाची वाट, जंगलाचा सातबारा

महाराष्ट्रात देवांची लग्नं पुष्कळ लागतात. संगमेश्वर तालुक्यातल्या मार्लेश्वराचं लग्न मात्र सह्याद्रीच्या कड्याला टेकून लागतं, मकरसंक्रांतीला. नवरदेवाची पालखी येते आंगवलीच्या मठातून, नवरी गिरिजादेवीची साखरप्याहून आणि यजमान म्हणून व्याडेश्वर येतो देवरुखहून. मारळ गावापुढे डोंगरात सगळं वऱ्हाड जमतं. पंचकलशापुढे, मंगलाष्टकांच्या गजरात, लिंगायत पद्धतीने लग्न लागतं. कोकणातल्या देवाला ही घाटावरची पद्धत कुठली, असं वाटलं तर साखरपा नकाशावर शोधावा. आंबा घाट उतरला की रत्नागिरीच्या रस्त्यावर लागणारं हे गाव. मार्लेश्वराचं ठाणं डोंगरातल्या गुहेत. तिथल्या दोन पिंडींपैकी एक मार्लेश्वराची, दुसरी मल्लिकार्जुनाची. आणि मल्लिकार्जुन तर घाटावरचा, थेट श्रीशैलापर्यंत पोचणारा देव. माल, मीठ, बैल ज्या वाटांनी चढले-उतरले त्याच वाटांनी देवही आले असणार, हा माझा तर्क आहे. नवरी घाटाच्या पायथ्याहून यावी, हे त्या तर्काला धरूनच आहे.

देव इथे कसा आला याची पंचक्रोशीतली कथा वेगळी आहे. तो आधी मुरादपुरात होता. तिथल्या जुलमाला कंटाळला आणि गाव सोडून रानात निघून गेला. पुढे आंगवलीचे सरदार अणेराव साळुंखे शिकारीला गेले असता त्यांना गुहा सापडली. कथेची ऐतिहासिक शहानिशा बाजूला ठेवू. पण माणसांवर रुसून जंगल धरणारा देव कोकणाने कल्पिला, ही गोष्ट पुढच्या मजकुराशी जुळते.

देवरुखपासून मारळ पंधरा-सोळा किलोमीटर. आता डांबरी सडक थेट पायथ्याला नेते आणि पुढे पाचशेच्या आसपास पायऱ्या उरतात. बहुतेकांची यात्रा तेवढीच. पायऱ्यांच्या कडेला सरबतं, पेढे, प्लास्टिकची खेळणी. श्रावणात आणि संक्रांतीला इथे पाय ठेवायला जागा नसते. ज्याला रान बघायचं आहे त्याने पालखीच्या गावांमधून पायी यावं. भात कापून झालेले चोंढे, मग वरकस जमीन, मग ऐन, किंजळ, बेहडा, हिरडा यांचं मिश्र रान. चढ तीव्र झाला की कारवी. डावी-उजवीकडे कुठे कोयता फिरलेला, कुठे दहा पावलांवर ऊन जमिनीला न टेकणारी दाटी. असं तुकड्या-तुकड्यांचं जंगल का, याचं उत्तर वनस्पतिशास्त्रात कमी आणि तलाठ्याच्या दप्तरात जास्त आहे.

वर गेल्यावर धारेश्वराचा धबधबा समोर येतो. इथेच बाव नदी उगम पावते. खाली करंबेळीचा डोह. गुहेचं तोंड इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत विजेचा दिवा लावत नाहीत, समयांचा उजेड. खडकाच्या कपारींत साप असतात आणि त्यांना कुणी डिवचत नाही. सापाला हात न लावण्याची ही शिस्त गुहेबाहेर झाडांपर्यंत पोचत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

देवाच्या नावाने राखलेल्या रानाचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी केला. पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा त्यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. देवराईत काठी तोडायची नाही, हा नियम कुऱ्हाडीला अडवतो, असं त्यातून दिसलं. संगमेश्वर तालुक्यात अशा देवराया गावोगाव आहेत. पण त्या एकेका देवळाभोवतीच्या. वाटेवरचं बाकीचं रान त्यांत मोडत नाही.

आणि ते सरकारचंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अत्यल्प. डोंगरउतार पिढ्यान्‌पिढ्या खोतांच्या आणि कुळांच्या हातात राहिले. खोती मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. जमिनी नावावर झाल्या, पुढे वाटण्या झाल्या, आणि आज एका सातबाऱ्यावर भावकीतली कितीतरी नावं. त्यातली निम्मी मुंबईत. घराला पैसा लागला की ठेकेदार येतो, रान एकगठ्ठा तुटतं, जळाऊ लाकूड ट्रकात जातं. मग काही वर्षं खुंटांना फुटवे येत राहतात. यात कुणाला खलनायक ठरवता येत नाही. उभं झाड मालकाला दमडी देत नसेल तर तो काय करणार?

घाटमाथ्यावर मात्र चित्र उलटं. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव आलं. तिथे संरक्षण कडेकोट, पण त्याची किंमत माणसांनी मोजली. माथ्यावरच्या गोठणे गावची माणसं खाली देवरुख परिसरात आणून वसवली गेली. त्या वस्तीला आजही ‘गोठणे पुनर्वसन’ म्हणतात. म्हणजे वर जंगलासाठी गाव उठलं आणि खाली, त्याच डोंगराच्या कुशीत, रानाला वालीच नाही.

मधल्या या पट्ट्यात एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. पुण्यात १९९४ साली स्थापन झालेली अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था देवरुख भागात देवरायांपासून सुरुवात करून खासगी रानांच्या मालकांपर्यंत पोचली. रान न तोडण्याचे करार, त्या बदल्यात मोबदला. आणि बेहडा-हिरड्याची फळं झाडाला न दुखावता गोळा करून चांगल्या दराने विकणं. २०१५ साली या फळांना ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आणि ती परदेशी आयुर्वेदिक चहा-औषधांच्या बाजारात गेली. बेहड्याच्या जुन्या खोडांत ढोल्या असतात आणि धनेश पक्षी त्यांत घरटं करतो. एरवी त्याच खोडाचं सरपण झालं असतं.

अडचण राहते ती सह्यांची. भावकीतल्या सगळ्यांनी होकार दिल्याशिवाय करार पक्का धरता येत नाही, आणि सगळे एका जागी सापडत नाहीत. चाकरमानी शिमग्याला, गणपतीला येतात, तेव्हा घरोघर आपापल्या देवाची गडबड. मार्लेश्वराच्या लग्नाला मात्र आंगवली, साखरपा, मारळ, देवरुख अशी सगळी वाट एकाच दिवशी डोंगराखाली गोळा होते. मानकरी तिथे, मालक तिथे, त्यांच्या डोक्यावरचं रानही तिथेच. झाडांचे कागद घेऊन बसायचं तर संक्रांतीला, लग्न लागून पंगत उठल्यावर, मारळच्या मांडवात बसावं.